एकदाच चाललेला रस्ता क्रमाने कसा आठवतो?

तुम्ही विचारलंय, एकदाच घडलेल्या गोष्टीतही आधी काय नि नंतर काय हे कसं लक्षात राहतं, आणि मेंदूतल्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या विद्युत लहरींचा त्यात खरंच हात असतो का. असतो. (घोकून पाठ केलेल्या पाढ्यांचं वेगळं, तो भार बराचसा मेंदूचे इतर भाग उचलतात.)

दिवाळीत माझी आठ वर्षांची भाची बडोद्याला आली होती. दांडिया बाजारातून मांडवीपर्यंत तिला एकदाच पायी नेलं. दुसऱ्या दिवशी तीच माझं बोट धरून पुढे: "मामा, आता तळं, मग जुनं कोर्ट, मग दरवाजा." सुरसागर, न्यायमंदिर, लहेरीपुरा. एकही चूक नाही!

आता अडचण बघा. चालताना एक खूण मागे पडून दुसरी येईपर्यंत कितीतरी सेकंद जातात. पण दोन चेतापेशींमधला जोड पक्का व्हायला त्यांनी काही दहा-वीस मिलिसेकंदांच्या (सेकंदाच्या हजाराव्या भागांच्या) आत, एकीमागोमाग एक संदेश सोडावे लागतात. मग जोड जुळतो कसा?

मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओ'कीफ यांना १९७१ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ठरावीक जागी आल्यावरच जाग्या होणाऱ्या पेशी सापडल्या. उंदीर चालत असताना तिथे सेकंदाला साधारण आठ आवर्तनांची विद्युत लहर, म्हणजे थीटा लय, चालू असते. १९९३ मध्ये ओ'कीफ आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवलं, की उंदीर एखाद्या पेशीच्या ठरावीक जागेतून जसजसा पुढे सरकतो, तसतशी ती पेशी दर आवर्तनात थोडी आधी संदेश सोडते. त्यामुळे एकाच आवर्तनात, म्हणजे सव्वाशे मिलिसेकंदांत, मागची जागा, आत्ताची आणि पुढची अशा ओळीने येऊन जातात. सेकंदांचा क्रम एवढ्याशा वेळात मावतो आणि शेजारच्या जागांच्या पेशी जोडल्या जातात. कडीला कडी लागत लांबचा रस्ताही तयार होतो. मला तर हे आजही थक्क करतं. २०२१ मध्ये, उपचारासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या अपस्माराच्या रुग्णांतही पेशींचं असंच आधी-आधी सरकणं नोंदलं गेलं.

रात्री गाढ झोपेत हिप्पोकॅम्पसमधल्या अतिजलद तरंगांवर तोच रस्ता कित्येक पट वेगाने पुन्हा उमटतो. २००९ च्या एका प्रयोगात हे तरंग दाबले, तेव्हा उंदरांचं शिकणं मागे पडलं. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री मुलांना जागवू नका, हे मी कळकळीने सांगतो.

मांडवीला चारही बाजूंना कमानी, चार रस्ते. भाची तिथे थबकली, एकेका कमानीकडे पाहत राहिली. फाट्यावर असंच थबकलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसची २००७ मधली नोंद आहे: पाऊल न उचलताच आधी एका वाटेवरच्या पुढच्या जागा उमटल्या, मग दुसऱ्या वाटेवरच्या.