वावरावरून जाणारी विमानं आणि कंट्रोल रूममधलं संशोधन

हवाई वाहतूक नियंत्रणातली नोकरी संपवून गावी राहायला आलो, तेव्हापासून लोक पारावर गाठून प्रश्न विचारतात. आता पत्रंही येतात. आपलं आकाश सांभाळणारं विमानतळ प्राधिकरण संशोधनात नेमकं काय करतं, याभोवतीची काही पत्रं या वेळी घेतो.

रात्री जागलीला वावरात असलो की डोक्यावरून एकामागं एक विमानं जाताना दिसतात. ती एकमेकांना भिडत कशी नाहीत? (शेतकरी, हिंगणघाट तालुका)

दिल्लीहून चेन्नई-बंगळुरूकडे आणि मुंबईहून कोलकात्याकडे जाणाऱ्या वाटा आपल्याच भागावर एकमेकींना छेदतात, म्हणून ही वर्दळ. ती जुनी आहे. ३० जानेवारी १९४९ पासून चारही महानगरांची टपाल विमानं रात्री नागपूरला सोनेगावात उतरत, थैल्या अदलाबदल करत आणि पुन्हा उडत.

भिडत नाहीत, कारण प्रत्येकाला उंची नेमून दिलेली असते. विमानातला उंचीमापक हवेचा दाब मोजतो. फार वर हवा विरळ असते, दर फुटामागं दाब अगदी थोडा बदलतो, त्यामुळं चूक व्हायला वाव राहतो. म्हणून २९,००० फुटांच्या वर दोन विमानांत २,००० फुटांचं अंतर ठेवत असत. आपल्याकडे २७ नोव्हेंबर २००३ पासून ४१,००० फुटांपर्यंत ते १,००० फुटांवर आणलं. नुसता हुकूम काढून हे झालं नाही. विमानं खरोखर नेमल्या उंचीवर उडतात का हे मोजावं लागतं, टकरीच्या शक्यतेचं गणित मांडावं लागतं, आणि अंतर निम्मं केल्यावरही मोजणी सुरूच ठेवावी लागते. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रावर, जिथं किनाऱ्यावरचं रडार पोहोचत नाही, तिथल्या आडव्या अंतराची अशीच तपासणी प्राधिकरणाचा चेन्नईतला कक्ष करतो.

यंत्रं परदेशी कंपन्या बनवतात. ती विकत घ्यावीत, संशोधनावर पैसा कशाला? (निवृत्त शिक्षक, दर्यापूर)

गुरुजी, यंत्र विकत मिळतं, पण ते कशासाठी हवंय हे कन्सोलवर बसणाऱ्यालाच कळतं.

लंडनच्या हीथ्रोचं घ्या. समोरून जोराचा वारा असला की उतरणारी विमानं जमिनीच्या हिशेबानं हळू येतात. पुढच्या विमानामागच्या हवेच्या भोवऱ्यात मागचं सापडू नये म्हणून दोघांतलं अंतर मैलांत ठरलेलं, म्हणजे तेवढं अंतर कापायला वेळ जास्त लागे आणि तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या घसरे. कंट्रोलरांना हे रोज दिसत होतं. मग ब्रिटनची हवाई वाहतूक सांभाळणाऱ्या नॅट्स या संस्थेनं या भोवऱ्यांची मोजमापं अभ्यासली. जोराच्या वाऱ्यात भोवरे लवकर विरतात, हे त्यातून दिसलं, आणि २०१५ पासून अंतर मैलांऐवजी सेकंदांत राखायला सुरुवात झाली. धावपट्टी तीच राहिली. प्रश्न, नोंदी आणि चाचणीला बसणारे कंट्रोलर, हे तिन्ही हवाई वाहतूक सांभाळणाऱ्या संस्थेचेच होते.

दुसरी आठवण अजून बोचते. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर दोन विमानं आदळली आणि ३४९ माणसं गेली. एक विमान नेमल्या उंचीखाली उतरलं होतं, येणारी-जाणारी विमानं एकाच वाटेनं चालत होती, आणि दिल्लीच्या कंट्रोलरच्या पडद्यावर ठिपके दिसत, उंची दिसत नसे. उंची दाखवणारं दुय्यम रडार जगात तेव्हा नवं नव्हतं. आपली उणीव कुठं आहे हे संस्थेनं स्वतः, अपघाताआधी शोधत राहायचं असतं. मी संशोधनाचा आग्रह धरतो तो या ३४९ जणांसाठी.

‘गगन’बद्दल वाचलं. आपल्या लहान विमानतळांना त्याचा काय उपयोग? (वाचक, अमरावती)

खूप. धुक्यात किंवा पावसाळी ढगांत विमानाला धावपट्टीवर आणायला जमिनीवर खास अँटेना बसवाव्या लागतात, दर धावपट्टीला वेगळ्या. लहान विमानतळाला तो खर्च जड जातो. ‘गगन’मध्ये जवळपास तसंच मार्गदर्शन उपग्रहातून येतं. प्राधिकरण आणि इस्रो यांनी मिळून देशभर १५ संदर्भ केंद्रं उभारली, त्यांतलं एक नागपूरला आहे. प्रत्येक केंद्राची जागा तंतोतंत मोजलेली असते. जीपीएस त्या जागेबद्दल किती चुकतंय ते केंद्र टिपतं, बंगळुरूत दुरुस्तीचा हिशेब होतो आणि भूस्थिर उपग्रहामार्फत तो विमानाला मिळतो.

खरी झुंज आयनांबराशी होती. भारतावर, चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्यानं, हा विद्युतभारित थर फार चंचल असतो, सूर्यास्तानंतर तर अधिकच, आणि उपग्रहाचा संदेश त्यातून येताना रेंगाळतो. अमेरिका-युरोपच्या शांत आकाशासाठी मांडलेली गणितं इथं पुरेना. मग आपल्याच नोंदींवरून या थराचं आपलं गणित बसवावं लागलं. ३० डिसेंबर २०१३ ला पहिलं प्रमाणपत्र मिळालं, २१ एप्रिल २०१५ ला उतरण्यासाठीचं. २८ एप्रिल २०२२ ला राजस्थानात किशनगडला इंडिगोचं एटीआर विमान ‘गगन’च्या आधारानं उतरलं. एटीआर म्हणजे तुमच्या अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर येतं त्याच जातीचं विमान. मात्र विमानात तसा रिसीव्हर हवा आणि त्या धावपट्टीसाठी उतरण्याचा मार्ग आखून मंजूर झालेला हवा.

आमच्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला. विमानतळाची परवानगी लागते का? (यवतमाळ जिल्हा)

ताई, २०२१ च्या नियमांप्रमाणं चालू विमानतळाच्या कुंपणापासून १२ किलोमीटरपलीकडं, सरकारच्या ड्रोन-नकाशावर हिरव्या भागात, ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये ही मर्यादा २०० फूट. त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवू नका. पऱ्हाटीवर तुम्ही फार तर माणसाच्या दुप्पट उंचीवर उडवाल, तरी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा हा नकाशा दर वेळी बघा, तो बदलू शकतो. लहान ड्रोन आमच्या रडारवर धड दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी वाहतूक व्यवस्था उभी करणं हाच सध्या जगभर मोठा अभ्यासविषय आहे.

मी बिरसी विमानतळाजवळच्या गावात राहतो, बी.एस्सी.ला आहे. या क्षेत्रात येऊ शकतो का? (विद्यार्थी, गोंदिया)

नक्की ये. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. झालास की कनिष्ठ कार्यकारी (हवाई वाहतूक नियंत्रण) पदाची परीक्षा देता येते. खुल्या गटाला वयाची मर्यादा २७ आहे, तेव्हा वर्षं वाया घालवू नकोस. प्रशिक्षणाची जुनी संस्था प्रयागराजला, १९४८ पासूनची. पण प्राधिकरणाची एक प्रशिक्षण संस्था तुझ्या गोंदियातच आहे, आणि बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली. संशोधनाकडं ओढा असेल तर हैदराबादला बेगमपेठेत प्राधिकरणानं उभारलेल्या संशोधन संस्थेवर लक्ष ठेव. संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रामिंग आतापासून शीक.

माझी एक जुनी मागणी आहे: रडारच्या जुन्या नोंदी, विमानांची ओळख काढून, विदर्भातल्या महाविद्यालयांना अभ्यासाला द्याव्यात. त्या मिळाल्या तर जूनमध्ये पहिला पाऊस गडगडत येतो तेव्हा नागपूरवरची विमानं ढगांना वळसा घालून कुठं-कुठं फाकतात, हा प्रश्न तू पहिला घे. मी बारा पावसाळे ते पडद्यावर पाहिलं, हातानं वहीत टिपलं. वही अजून माझ्याकडं आहे, येऊन घेऊन जा.