‘तो आमच्या जिवावर तर उठणार नाही ना?’

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचे निदान झाल्यानंतर चार महिन्यांनी एक ताई माझ्याकडे आल्या. लाजाळू नायकाच्या अंगात रात्री ‘दुसराच माणूस’ जागा होतो आणि खून करत सुटतो, असा एक थरारपट त्यांनी पाहिला होता आणि त्याच रात्री घरातल्या सगळ्या सुऱ्या कपाटात कुलूपबंद केल्या होत्या. शीर्षकातला प्रश्न त्यांचाच.

एका शरीरात अनेक व्यक्तिमत्त्वे असणे हा वेगळा आणि दुर्मीळ विकार आहे. त्याचा स्किझोफ्रेनियाशी संबंध नाही, हे मी त्यांना आधी सांगितले. (स्किझोफ्रेनियासाठी आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या ‘छिन्नमनस्कता’, म्हणजे मन दुभंगणे, या शब्दानेही हा घोळ वाढवलाच आहे.) स्किझोफ्रेनियात बहुतेकदा भास होतात ते आवाजांचे, पण आवाज पडद्यावर दिसत नाहीत, म्हणून सहानुभूतीने काढलेले चित्रपटही माणसे उभी करतात. गणितज्ञ जॉन नॅश यांच्यावरच्या २००१ सालच्या ‘अ ब्युटिफुल माइंड’मध्ये त्यांना न असलेला खोलीमित्र दिसतो, प्रत्यक्षात त्यांना मुख्यतः आवाज ऐकू येत.

हिंसेचा प्रश्न मात्र ‘काही होणार नाही’ म्हणून उडवून लावणे मला पटत नाही. उपचार थांबले आणि त्यात व्यसनाची भर पडली, तर धोका काहीसा वाढतो, आणि आवाज कुणाला इजा करायला सांगत असतील तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना कळवले पाहिजे. तरीही या आजाराची बहुसंख्य माणसे हिंसक नसतात. इतरांकडून त्यांनाच त्रास होण्याची शक्यता अधिक असते आणि आत्महत्येचा धोका तर त्याहून गंभीरपणे घ्यावा लागतो. म्हणून मी ताईंना विचारले, “आवाज काय म्हणतात, हे तुम्ही त्याला कधी विचारलं आहे का?” त्यांनी विचारले नव्हते.

पुढच्या भेटीला त्या भावाला घेऊन आल्या. आवाज ‘तू बिनकामाचा आहेस’ एवढेच म्हणतात आणि ते दबावेत म्हणून आपण एका कानात गाणी लावून ठेवतो, असे त्याने सांगितले. मग बहिणीकडे न पाहता तो म्हणाला, “सुऱ्यांचा खण रिकामा दिसला. तेव्हापासून मी स्वयंपाकघरात जात नाही.”

ताई बराच वेळ गप्प होत्या. निघताना त्यांनी पर्समधून कपाटाची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.