नारळ देण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री पावणेबाराला आला. तुमच्या क्लबचा फुटबॉल सामना संपून जेमतेम दोन तास झाले होते. ‘सर, मॅनेजमेंटने सोमवारपर्यंत रिपोर्ट मागितलाय. कोचला ठेवायचं की काढायचं?’ मी मुद्दाम लगेच उत्तर दिलं नाही. हरलेल्या रात्री कोचबद्दल जे लिहिलं जातं, त्यात आणि गॅलरीतल्या आरड्याओरड्यात फरक नसतो. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून तो आरडाओरडा तूही केलायस, मीही केलाय. आता तू पगार घेऊन मत देणार आहेस, तर जरा थंड डोक्याने दे.

पाच सामन्यांत चार पराभव आणि एक बरोबरी, हे वाईटच आहे. पण रिपोर्टात इंग्लंडची उदाहरणं ठासून भरू नकोस. तिथे खालच्या डिव्हिजनमध्ये घसरण्याची भीती असते आणि त्या भीतीपोटी क्लब काहीही करून बसतात. वॉटफर्डने २०१९-२० च्या एका हंगामात तीन जणांना नारळ दिला, तिसऱ्याला तर दोन सामने उरले असताना. घसरायचे ते घसरलेच. तुमच्या क्लबच्या डोक्यावर ती तलवार नाही.

त्यापेक्षा त्याच हंगामातली आपली आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग बघ. चेन्नईयिन एफसी. कोच जॉन ग्रेगरीने २०१७-१८ मध्ये त्यांना विजेतेपद मिळवून दिलं आणि पुढच्याच हंगामात तोच संघ थेट तळाला गेला, दहापैकी दहावा. तरी मालकांनी त्याला ठेवलं. मग २०१९-२० सुरू झालं. पहिल्या चार सामन्यांत एकही गोल नाही. सहा सामन्यांनंतर खात्यात एकच विजय. नोव्हेंबरअखेर ग्रेगरी गेला, डिसेंबरच्या सुरुवातीला ओवेन कॉइल आला आणि खेळाडू जवळपास तेच असताना संघ गुणतक्त्यात चौथा येऊन फायनलला पोचला. १४ मार्च २०२० ला गोव्यातल्या फातोर्ड्याच्या रिकाम्या स्टेडियममध्ये कोलकात्याच्या एटीकेकडून १-३ हरले, पण नोव्हेंबरात हा संघ फायनल खेळेल असं कुणी म्हटलं असतं तर आपणच हसलो असतो.

तुझे मालक हीच गोष्ट तुला ऐकवतील. तेव्हा त्यांना ग्रेगरीचे शेवटचे दोन सामने दाखव. हैदराबादविरुद्ध २-१ आणि ओडिशाविरुद्ध २-२. चार सामने कोरडे गेल्यावर दोन सामन्यांत चार गोल. म्हणजे गाडं वळायला लागलं होतं आणि नेमका तेव्हाच गाडीवान बदलला. कॉइलला श्रेय नाही असं मी म्हणत नाही, त्याच्या हाताखाली तो संघ मोकळा खेळला हे डोळ्यांनी दिसत होतं. पण सगळं श्रेय बदलाला देऊ नकोस. बास तेर वील नावाच्या डच अर्थशास्त्रज्ञाने नेदरलँड्सच्या लीगमधले १९८६ ते २००४ चे निकाल घेऊन हेच तपासलं होतं. कोच काढलेले क्लब एका बाजूला, आणि तितकीच पडझड होऊनही कोच न काढलेले दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडचे क्लब साधारण सारखेच सावरले. ताप सातव्या दिवशी उतरणारच असतो. सहाव्या दिवशी ज्या डॉक्टरची गोळी घेतली, त्याचं नाव होतं.

गोव्याचा किस्सा तुला आवडेल. त्याच हंगामात, जानेवारीच्या अखेरीस, गुणतक्त्यात पहिल्या क्रमांकावर असताना एफसी गोवाने आपला कोच सर्जिओ लोबेराला काढलं! लीगचे तीन सामने उरले होते. क्लबमधल्याच क्लिफर्ड मिरांडाकडे संघ दिला, त्यांनी तिन्ही जिंकले आणि गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्याला मिळणारं लीग शील्ड उचललं. मग सेमीफायनलला समोर आला कॉइलचा चेन्नईयिन. दोन सामने मिळून गोवा ५-६ हरला. आणि लोबेरा? पुढच्या हंगामात त्याने मुंबई सिटीला शील्ड आणि फायनलचा कप दोन्ही जिंकून दिलं. यातून तुला हवा तो निष्कर्ष काढता येईल, म्हणूनच निकालांवरून निष्कर्ष काढू नकोस म्हणतोय. मिरांडाच्या बाबतीत मला एवढंच महत्त्वाचं वाटतं, की त्याला पोरांची ओळख करून घ्यावी लागली नाही.

आता माझं सांगतो, कारण तू ते अर्धवट ऐकलंयस. मलाही हंगामाच्या मध्यावर काढलं होतं. बाहेरचा सामना हरून परतत होतो, बस हायवेवरच्या ढाब्यावर चहाला थांबली आणि क्लबच्या खजिनदाराचा फोन आला. मी फोन ठेवून वळलो तर पोरं कपात बघत बसलेली. त्यांना माझ्याआधी कळलं होतं. माझा सहायक कोच झाला, दोन सामने जिंकला, मी घरी बसून जळलो. पुढचे चार तो हरला, तेव्हा मला बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

बरीच वर्षं मी म्हणायचो, माझ्यावर अन्याय झाला. फोनची पद्धत वाईट होती, ते आजही म्हणेन. पण निर्णय? आमचा कॅप्टन माझ्याशी कायम भांडायचा. कॉर्नरला माणूस धरायचा की जागा धरायची, यावरून सरावात अर्धा अर्धा तास वाद. शेवटच्या तीन आठवड्यांत तो वाद बंद झाला. मी काहीही सांगितलं की, ‘हो सर.’ मला वाटलं, पोरगा सुधारला. खरं तर त्याने माझा नाद सोडला होता.

म्हणून मंगळवारी सरावाला जा, लॅपटॉप न घेता. कोच खेळ थांबवून काही समजावतो तेव्हा कोण त्याच्याकडे बघतं, कोण मोजे वर ओढत बसतं ते पाहा. कुणी उलट बोलतंय का? बोलत असेल तर त्या कोचमध्ये अजून धुगधुगी आहे. बाहेर बसवलेले तीन-चार जण कुणाभोवती कोंडाळं करतात तेही बघ. मग जखमींची यादी काढ आणि तुमचा स्ट्रायकर कधी परततोय ते फिजिओला विचार, मॅनेजरला नको.

आणि मालकांना एकच प्रश्न लेखी विचार: याच्या जागी कोण, आणि पहिल्या सामन्याआधी त्याला सरावाचे किती दिवस मिळणार? ‘बघू, एजंटशी बोलतोय’ असं उत्तर आलं, तर रिपोर्टात सरळ लिही की आत्ता काढू नका. नाव तयार असेल, तो माणूस पोरांना ओळखत असेल आणि मंगळवारी मैदानावर नुसतं ‘हो सर, हो सर’ ऐकू आलं, तर काढा म्हणून लिही. सोमवारची मुदत बुधवारवर ढकलून घे. दोन दिवसांत कुणाचं आकाश कोसळत नाही.

काढायचं ठरलंच तर त्याला कळवायचं काम तुझ्यावर ढकलतील, नव्या माणसावर ढकलतातच. फोन करू नकोस. त्याच्या घरी जा, आणि बस निघायच्या आधी जा.

मंगळवारी रात्री मला फोन कर. दहानंतर नको, तुझी काकू ओरडते.

तुझा,
सर