घर सुंदर आहे, पण माझं वाटत नाही

"घर छान झालंय, सगळे कौतुक करतात, पण मला तिथं पाहुण्यासारखं वाटतं." थोड्याफार फरकानं हे वाक्य माझ्या कानावर वारंवार येतं. बोलताना बहुतेक जण ओशाळतात. एवढं सगळं मिळालेलं असताना अशी तक्रार करायची म्हणजे कृतघ्नपणा, असं त्यांना वाटत असतं. आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "माझी आवडच चांगली नाही का हो?"

हा प्रश्न ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण आवडीचा इथं फारसा संबंधच नसतो.

चाळिशीतल्या एक बाई माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या होत्या. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नव्या घरात राहायला येऊन वर्ष होत आलं होतं. त्या आल्या होत्या चिडचिडीसाठी. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की विनाकारण मुलीवर ओरडणं व्हायचं, नवऱ्याशी शब्दाला शब्द वाढायचा. बोलता बोलता घराचा विषय निघाला आणि त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले. राखाडी सोफा, त्यावर कोन करून उभ्या ठेवलेल्या दोन उशा, वर एक मोठं अमूर्त चित्र, शेल्फवर रंगांनुसार लावलेली पुस्तकं. सगळं नीटनेटकं होतं, पण तिथं राहणाऱ्या तिघांपैकी एकाचीही खूण त्यात दिसेना. चित्र कुणी निवडलं, असं विचारल्यावर म्हणाल्या, "इंटिरिअरवाल्यांनीच. सोफ्याला मॅच होत होतं."

मी विचारलं, "या खोलीतली कुठली वस्तू हरवली तर तुम्ही घर पालथं घालून शोधाल?"

त्या बराच वेळ फोटो मागेपुढे सरकवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, यातली एकही नाही. शोधावं असं जे काही आहे ते सगळं माळ्यावर आहे."

माळ्यावरच्या खोक्यात त्यांच्या वडिलांचं सामान होतं. वडील ड्राफ्ट्समन होते. टी-स्क्वेअर (रेघा आखायची टी आकाराची पट्टी), कंपासपेटी, ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढलेले नकाशे. ते गेल्यानंतर हे खोकं भरलं गेलं आणि नवं घर लावताना उघडलंच गेलं नाही. थीममध्ये बसत नाही, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं, असं विचारल्यावर त्या गप्प झाल्या. तसं कुणीच म्हटलं नव्हतं, त्यांनीच गृहीत धरलं होतं. आल्यागेल्यांना काय वाटेल, हा एकच निकष त्यांनी प्रत्येक खोलीला लावला होता, अगदी झोपायच्या खोलीलासुद्धा.

मिहाय चिकसेंटमिहाय आणि युजीन रॉकबर्ग-हॉल्टन या संशोधकांनी शिकागोतल्या ८२ कुटुंबांमधल्या तीनशेहून अधिक माणसांना, घरातल्या कोणत्या वस्तू तुमच्यासाठी खास आहेत आणि का, असं विचारलं होतं. १९८१ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. वस्तू खास ठरण्यामागे किमतीपेक्षा किंवा देखणेपणापेक्षा तिच्याशी जोडलेली माणसं, प्रसंग आणि रोजचा वापर यांचा हात मोठा होता. पिढीगणिक फरकही होता. मुलं गाणी ऐकायच्या साधनांसारख्या, हाताळायच्या वस्तूंची नावं घेत, तर आजीआजोबा फोटोंची. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. एकाच घरात राहणाऱ्यांना 'आपलं' वाटण्यासाठी वेगवेगळ्या वस्तू लागतात, हे लक्षात न घेतल्यामुळे सजावटीवरून किती भांडणं होतात!

पुढच्या वेळी त्या एक नकाशा गुंडाळी करून घेऊन आल्या. एका छोट्या पुलाचा. कडेला वडिलांची एकसारखी, किंचित तिरकी अक्षरं. एका कोपऱ्यात चुकलेली रेघ ब्लेडनं खरवडून काढलेली होती आणि तिथं कागद जरासा खरखरीत झाला होता. त्या बोलत असताना त्यांचं बोट सारखं तिथंच जात होतं. त्या दिवशी सजावटीबद्दल आम्ही काहीच बोललो नाही. वडिलांबद्दल बोललो.

इथं एक सांगायला हवं. गेलेल्या माणसाच्या वस्तू बाहेर काढायची घाई करू नये. येता-जाता दिसतील अशा जागी तर सुरुवातीला ठेवूच नयेत, कारण तिथं तयारी नसतानाही नजर पडते. आपण ठरवून जिथं जाऊन बसतो, तो कोपरा बरा. या बाईंची तशी जागा म्हणजे खिडकीशेजारचं त्यांचं टेबल. नकाशा तिथंच लावायचं ठरलं. मात्र मूळ कागद भिंतीवर नाही. उजेडानं शाई फिकी पडते, कागद पिवळा पडतो. म्हणून त्यांनी स्कॅन करून घेतलेली प्रत फ्रेम केली आणि मूळ नकाशा आम्लरहित कागदाच्या फोल्डरमध्ये सपाट ठेवला. जुन्या फोटोंनाही हेच लागू पडतं. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर असावा असं सांगतात, पण तो हिशेब उभ्यानं पाहणाऱ्याचा आहे. त्या टेबलाशी बसून पाहणार होत्या, म्हणून फ्रेम बरीच खाली आली. भेटीला आलेल्या एका नातेवाईकांनी लगेच विचारलं, "एवढं खाली का लावलंय?" बाईंनी उत्तर दिलं, "मी इथं बसते म्हणून." हे मला सांगताना त्या किती खूश होत्या!

घरभर ६५०० केल्व्हिनचे पांढरे दिवे होते. (केल्व्हिन हे उजेडाच्या छटेचं माप. आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर.) कामाला उत्तम, पण त्यांना दिवसभर ऑफिसमध्ये असल्यासारखं वाटायचं. टेबलावर २७०० केल्व्हिनचा, पिवळसर उजेडाचा दिवा आला आणि संध्याकाळी छताचे दिवे बंद राहू लागले. सजावटीत कमीत कमी खटपटीत होणारा बदल कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी हाच सांगते.

खरी अडचण नवऱ्याची होती. त्यांना मोकळ्या भिंती आवडत. "पुन्हा अडगळ होणार," असं ते म्हणत, आणि ही भीती काही चुकीची नव्हती. दोघांना एकत्र बसवून आम्ही एवढंच ठरवलं की प्रत्येकाला एक शेल्फ. त्यावर काय ठेवायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं नाही. शेल्फवर मावत नाही ते खोक्यात राहील, अधूनमधून अदलाबदल होईल. नवऱ्यानं स्वतःच्या शेल्फवर जवळजवळ काहीच ठेवलं नाही. तीही त्यांची आवडच. मुलीनं तार तुटलेलं बॅडमिंटनचं रॅकेट आणि मैत्रिणींबरोबरच्या प्रवासाची तिकिटं लावली. आईला ते रॅकेट सहन होईना. मी त्यांना म्हटलं, "तुमच्या वडिलांच्या टी-स्क्वेअरकडे परका माणूस असंच बघेल." त्यानंतर तो विषय निघाला नाही.

हातानं काही करावं का, असंही त्यांनी विचारलं. जरूर करावं, पण लहान आणि तडीला जाईल असं. नॉर्टन, मोचॉन आणि अ‍ॅरिअली या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, स्वतः जोडलेल्या किंवा घडवलेल्या वस्तूला माणसं जास्त मोल देतात असं दिसलं. घरी नेऊन स्वतः जोडायचं फर्निचर विकणाऱ्या आयकिया कंपनीवरून त्याला 'आयकिया इफेक्ट' म्हणतात. पण काम अर्धवट राहिलं तर हा परिणाम दिसला नाही. म्हणून अख्खी भिंत रंगवायचा बेत बाजूला ठेवून त्यांनी आणि मुलीनं मिळून उशीचा एक अभ्रा शिवला. टाके वाकडे आहेत म्हणे. ती उशी आता कोन करून उभी ठेवत नाहीत, मांडीवर घेऊन बसतात.

घर परकं वाटणं प्रत्येक वेळी घराचंच दुखणं असतं असं मात्र नाही. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर फ्रेम आणि दिवे बदलत बसू नका, डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. या बाईंबाबतीत मी ते सुरुवातीलाच विचारून घेतलं होतं.

चिडचिड पूर्ण गेली का? नाही. कामाचा ताण आहे तसाच आहे. पण घरी आल्यावर जिथं जाऊन बसावं अशी एक जागा त्यांना मिळाली आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं तिथं गेली की आवाज चढत नाही, असं मुलीनंच सांगितलं. सोफ्यावरचं ते मोठं चित्र त्यांच्या नणंदेला मनापासून आवडायचं, ते त्यांनी तिला देऊन टाकलं. त्या भिंतीवर काय लावायचं हे अजून ठरलेलं नाही आणि नवऱ्याच्या आग्रहावरून ती तूर्त मोकळीच आहे.