पन्नास रुपयांची पावती

प्रश्न : नमस्कार ताई. मी पुण्यात राहतो, वय ४६. गेल्या महिन्यात सातारा जिल्ह्यात १०० किलोमीटरच्या सायकल राइडला गेलो होतो. प्रवेश फी १,८०० रुपये. गाडी संयोजकांनी ठरवून दिलेल्या मैदानातच लावायची होती. त्याचे वेगळे ५० रुपये घेऊन पावती दिली. राइड संपवून साडेअकराला सायकल गाडीच्या मागच्या रॅकवर चढवली, पट्टे आवळले, केबल लॉक लावलं आणि मेडल घेऊन पोहे खायला मांडवात गेलो. अर्ध्या तासानं आलो तर पट्टे मातीत पडलेले आणि लॉक तुटलेलं. सेकंडहँड असली तरी ८२,००० रुपयांची सायकल होती, दोन वर्षं पैसे बाजूला टाकून घेतलेली. संयोजक म्हणतात, फॉर्मवर तुमची सही आहे, पार्किंगला पाटीही होती, आमचा संबंध नाही. पोलिसांनी ‘हरवल्याची नोंद’ असा कागद हातात दिला. आता काही होऊ शकतं का?

उत्तर : होऊ शकतं, आणि पहिलं काम तो पोलिसांचा कागद बदलून घ्यायचं आहे. हरवल्याच्या नोंदीवर तपास होत नाही, आणि पुढे कुठेही गेलात तरी तो कागद तुमच्या विरोधात दाखवला जाईल. तुटलेलं लॉक जवळ आहे ना? मग ही सरळ चोरी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३. पाच हजारांच्या वरच्या मालाची चोरी दखलपात्र असते, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाची वाट न बघता पोलिसांना तपास करता येतो. फार तर उपअधीक्षकांच्या परवानगीनं चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, पण ‘हरवल्याचंच लिहितो’ असं म्हणता येत नाही. त्यासाठी साताऱ्याला हेलपाटा घालण्याचीही गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. ते ठाणं ती पुढे पाठवतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नाही म्हणाले तर वाद घालत बसू नका. सगळी हकीकत लिहून जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा, पोच जपून ठेवा.

सोबत काय जोडाल ते सांगते, कारण इथेच बहुतेकांचं अडतं. सायकलच्या फ्रेमचा नंबर हवा. तो पॅडल जिथे बसतात त्या भागाच्या खालच्या बाजूला कोरलेला असतो, चिखल पुसल्याशिवाय दिसतसुद्धा नाही. माझी सायकल उलटी करून, ओल्या फडक्यानं घासून मी तो नंबर वाचला, तेव्हा सायकल घेऊन पाच वर्षं झाली होती. तुमच्याकडे नसेल तर ज्यांच्याकडून घेतलीत त्यांना विचारा. त्यांच्या मूळ बिलावर असण्याची शक्यता आहे. शिवाय पैसे पाठवल्याची बँकेची नोंद, व्यवहाराचे मेसेज, त्याच सकाळी स्टार्ट लाइनवर काढलेला तुमचा सायकलसह फोटो. असे फोटो राइडला सगळेच काढतात, तो मिळेलच. मैदानाबाहेरच्या पेट्रोल पंपावर, ढाब्यावर कॅमेरे असतील तर त्या दिवशीचं चित्रण जपून ठेवण्याची विनंती पोलिसांकडून लगेच करून घ्या. बहुतेक ठिकाणी जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, आणि तुमचा एक महिना आधीच गेला आहे.

आता संयोजकांकडे येऊ. ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत’ ही पाटी आपल्याकडे मंगल कार्यालयापासून मॉलपर्यंत सगळीकडे असते, आणि ती वाचली की माणूस आपोआप गप्प बसतो. लोकांना गप्प बसवणं हेच तिचं मुख्य काम झालं आहे, याची मला खरोखर चीड येते. या पाटीला कायद्यात किती वजन आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १४ नोव्हेंबर २०१९ ला एका खटल्यात सांगितलं आहे, तो थोडक्यात सांगते. १ ऑगस्ट १९९८ च्या रात्री दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एक पाहुणे मारुती झेन घेऊन आले. चावी हॉटेलच्या माणसाकडे दिली, पार्किंगचं टोकन घेतलं. टोकनवर छापलं होतं की गाडी पाहुण्याच्या जबाबदारीवर आहे. रात्री एकच्या सुमारास बाहेर आले तर त्यांची गाडी दुसराच कुणीतरी घेऊन गेला होता. विमा कंपनीनं २ लाख ८० हजार रुपये दिले आणि हॉटेलवर दावा लावला. न्यायालयाचं म्हणणं असं, की वस्तू एकदा ताब्यात घेतली की ती स्वतःची असती तर शहाण्या माणसानं जेवढी घेतली असती तेवढी काळजी घ्यावीच लागते. हलगर्जीपणा दिसत असेल तर टोकनावर छापलेल्या ओळीआड लपता येत नाही. आपली वस्तू अशी दुसऱ्याच्या ताब्यात सांभाळायला देणं, याला करार कायद्यात निक्षेप म्हणतात. १८७२ च्या कायद्यातली ही कलमं आहेत, १४८ पासून पुढची.

पण तुमच्या बाबतीत एक अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. त्या पाहुण्यानं चावी दिली होती. तुमची चावी तुमच्या खिशात होती, आणि सायकल रॅकवर तुम्हीच चढवलीत. सायकल संयोजकांच्या ताब्यात होती असं म्हणणं कठीण जाईल. त्यामुळे निक्षेपावर सगळा भार टाकू नका. तुमचा भक्कम मुद्दा ती पन्नास रुपयांची पावती आहे. दुसरीकडे गाडी लावायची मुभा नव्हती, मैदान त्यांनी ठरवलं, आणि पार्किंगचे वेगळे पैसे घेतले. पैसे घेऊन पार्किंग दिलं म्हणजे सेवा दिली, आणि सेवेत त्रुटी राहिली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतो. त्या मैदानाला येण्याजाण्याचे रस्ते किती होते, गेटवर कुणी होतं का, सायकली बाहेर जाताना कुणी काही विचारत होतं का, हे आजच आठवून लिहून काढा. सोबत आलेल्या दोन-तीन मित्रांकडूनही लिहून घ्या. इव्हेंटच्या जाहिरातीत किंवा ग्रुपवरच्या मेसेजमध्ये ‘सुरक्षित पार्किंग’ असे शब्द कुठे असतील तर त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. या दोन शब्दांनी तुमचं निम्मं काम होईल.

फॉर्मवरच्या सहीला घाबरू नका. राइडमध्ये पडलो, खरचटलं तर माझं मी बघेन, असा त्या सहीचा मुख्य अर्थ. पैसे घेऊन चालवलेल्या पार्किंगवर कुणाचंच लक्ष नसेल तरी चालेल, अशी परवानगी त्यातून निघत नाही.

आधी संयोजकांना एक पत्र पाठवा, स्पीड पोस्टानं, पंधरा दिवसांची मुदत देऊन. रागाचे शब्द नकोत, फक्त घटना आणि रक्कम. उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तुम्ही पुण्यात राहता म्हणून पुण्यातच करता येते. दिलेली फी पाच लाखांच्या आत असल्यानं आयोगाचं शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत घटनेपासून दोन वर्षं. आधी नुसता सल्ला हवा असेल तर १९१५ या हेल्पलाइनवर बोला. पूर्ण ८२,००० मिळतील असं मी म्हणणार नाही. केबल लॉक लावून सायकल उघड्यावर सोडली, हा मुद्दा समोरून येणार आणि आयोग तो ऐकणार. केबल लॉक म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीत पिळलेल्या बारीक तारा. हाताएवढ्या कटरनं दोन दाबांत त्या तुटतात, आवाजही होत नाही. पुढच्या वेळी कडक लोखंडी यू लॉक घ्या, फ्रेम आणि रॅकचा दांडा दोन्ही त्यात अडकवा. आणि जमेल तेव्हा सायकल घेऊनच मांडवात जा.

प्रश्न : ताई, आम्ही आठ मित्र दरवर्षी आमच्या तालुक्यात राइड घेतो, दीडशेच्या आसपास लोक येतात. नफा काही उरत नाही, उलट कधी खिशातून घालावे लागतात. मागच्या वेळी एकाची सायकल गाडीच्या रॅकवरून चोरीला गेली आणि आमच्यावर फार वाईट बोलणी झाली. चोरी आम्ही थोडीच केली? आमच्यासारख्यांनी किती जबाबदारी घ्यायची?

उत्तर : तुमचं दुःख मला कळतं. पहाटे तीनला उठून पाण्याचे जार उचलणारी, शेवटचा सायकलवाला येईपर्यंत उन्हात उभी राहणारी मुलं मी पाहिली आहेत. दोन राइडना मी स्वतः मार्शल म्हणून, म्हणजे रस्ता दाखवायला, वळणावर उभी राहिले आहे. तरीही सांगते, चोराला मोकळं रान मिळेल अशी सोय नकळत आपणच करत असतो.

वेळ बघा. पहाटे गाड्या येतात तेव्हा मैदानात सगळे जागे असतात, टॉर्च असतात, हवा भरण्याचे आवाज असतात. तेव्हा सायकली जात नाहीत. जातात त्या अकरा ते एकच्या दरम्यान. माणूस दमलेला, पाय जड झालेले, सायकल एकदाची रॅकवर चढवून तो सावली शोधतो. तुमचे स्वयंसेवक त्याच वेळी मांडवात मेडल वाटत असतात, फोटो काढत असतात. मैदानात शंभर महागड्या सायकली आणि एकही माणूस नाही. आणि सायकल घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाला त्या दिवशी कुणी हटकणार नाही, कारण सगळेच सायकल घेऊन चाललेले असतात.

म्हणून तुमची दोन माणसं त्या दोन तासांत पार्किंगच्या तोंडाशी बसवा. पहाटे कमी ठेवली तरी चालतील. बाहेर जायला रस्ता एकच ठेवा, बाकीच्या वाटांवर दोरी बांधा. बिबचा जो नंबर छातीवर असतो तोच छोट्या स्टिकरवर छापून सायकलच्या फ्रेमला आणि तोच मनगटाच्या पट्टीवर लावा. बाहेर पडताना दोन्ही नंबर जुळले की जाऊ द्या. सायकल गाडीवर असेल तरी काच खाली करून मनगट दाखवायला सांगा. ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी स्पर्धेत, हे कित्येक वर्षं चालतं. गोव्यात २०१९ पासून मिरामारला आयर्नमॅन ७०.३ स्पर्धा होते, त्यात ९० किलोमीटर सायकलिंगचा टप्पा असतो. अशा स्पर्धांत सायकली ट्रान्झिशन एरियात, म्हणजे एका टप्प्यातून दुसऱ्यात जाण्याच्या बंदिस्त जागेत, राहतात आणि नंबर जुळल्याशिवाय कुणाला स्वतःचीही सायकल बाहेर नेता येत नाही. तुमच्या दीडशे लोकांसाठी या स्टिकरचा खर्च एका वेळच्या पोह्यांपेक्षा कमी येईल.

दुसरं, मांडवाच्या शेजारीच बांबूचं साधं स्टँड करा, खोगीर अडकवून सायकली टांगता येतील असं. खाताना सायकल डोळ्यांसमोर राहिली तर कुणी ती आधी गाडीकडे नेणारच नाही.

पार्किंगचे पैसे गावातलं मंडळ घेत असेल तर कोण काय बघणार हे कागदावर लिहून घ्या, नाहीतर सगळं तुमच्याच गळ्यात येईल. तुम्हाला पहारा ठेवणं जमणारच नसेल तर नावनोंदणीच्या वेळी पहिल्या मेसेजमध्येच मोठ्या अक्षरांत सांगा की पार्किंगवर कुणी नाही, आणि मग त्याचे पैसे घेऊ नका. लोक समजून घेतात. ‘सुरक्षित पार्किंग’ लिहून मैदान मोकळं सोडलंत तर मात्र कायद्यानं आणि माणुसकीनंही तुम्ही बांधले जाता. इव्हेंटचा विमा काढत असाल तर त्यात सहभागींच्या सामानाची चोरी धरली आहे का, हे लेखी विचारा. अपघात धरलेला असतो म्हणून सगळं आलं असं समजू नका.

आणि एक विनंती. सायकल गेली की पहिला संशय गावातल्या पोरांवर जातो, हे मी ऐकलं आहे. पुरावा नसताना कुणाचं नाव घेऊ देऊ नका. पुढच्या वर्षी त्याच गावात तुम्हाला पाणी मागायचं आहे.

प्रश्न : सायकल गाडीच्या आत मागच्या सीटवर होती. काच फोडून नेली. गाडीचा विमा पूर्ण आहे, मग सायकलचे पैसे मिळतील का?

उत्तर : काचेचे मिळतील, सायकलचे नाही. मोटार विम्यात गाडीचं नुकसान येतं, आत ठेवलेलं तुमचं सामान येत नाही. काचेचा दावा करण्याआधी तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती आहे तेही बघा. तो २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असेल तर एका काचेसाठी तो घालवणं महागात पडेल, पदरचे पैसे भरणं बरं. सायकलचा वेगळा विमा मिळतो. घेताना चारचाकीवर बांधलेली किंवा आत ठेवलेली सायकल त्यात धरली आहे का आणि कुठलं लॉक लावण्याची अट आहे, हे दोन प्रश्न सही करण्याआधी विचारा. घराच्या विम्याची पॉलिसी असेल तर तीही कपाटातून काढून वाचा. काहींमध्ये घराबाहेर नेलेल्या वस्तूंसाठी जादा कलम घेता येतं.