विमानाचं अंतर आणि वेळ : सुरुवात इथून करा

नकाशावर पट्टी ठेवून मुंबई-लंडन मोजलंत आणि आकडा जुळेना, असं होणारच. त्यात तुमचं गणित कच्चं नाही. पृथ्वी गोल, नकाशा सपाट. दोन विमानतळांमधलं अंतर गोलावरच्या सर्वांत जवळच्या रेषेने धरतात. मुंबई-लंडन साधारण ७,२०० किलोमीटर. घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोरा ताणून बघा, लगेच कळेल.

वेळेसाठी सोपा हिशेब: अंतराला ८०० ने भागा, वर अर्धा तास धरा. म्हणजे लंडनला साडेनऊ तास. अंदाजाला एवढं पुरे.

नवखे बहुतेक इथे अडखळतात:

- तिकिटावरच्या वेळा सरळ वजा करणं. त्या ज्या-त्या गावच्या स्थानिक वेळा असतात. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. हिवाळ्यात दुपारी २ ला मुंबईहून सुटून तिथे संध्याकाळी ६ ला उतरलात, तर प्रवास चार तासांचा नव्हे, साडेनऊचा!
- जाता-येता वेळ सारखाच धरणं. वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे परतीचं विमान बहुधा लवकर येतं, हिवाळ्यात तर जास्तच.
- सागरी मैल म्हणजे किलोमीटर समजणं. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा.

मुंबई-दिल्ली (सुमारे १,१४० किलोमीटर) करून बघा. दोन तासांच्या आत उत्तर येईल, वेळापत्रकात थोडं जास्त दिसेल. धावपट्टीपर्यंतची रांग त्यात धरलेली असते, आणि मुंबईची रांग तुम्हाला माहीतच आहे. बंद हवाई हद्दी, विमानांचे प्रकार वगैरे सध्या राहू द्या.