तो शब्द मी घाईत उच्चारला

‘ताई, आईंना लघवी आवरत नाही. डायपर आणून ठेवलंय, पण त्या हातही लावत नाहीत. उलट चिडतात. काय करू?’

मी समुपदेशक; हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो आणि विचारणारी बहुतेक वेळा सून असते. मुलगा आला तर म्हणतो, ‘आईचं हल्ली कशात लक्ष नाही, डिप्रेशन असेल का?’ गोष्ट तीच असते, पण त्याची जीभ रेटत नाही.

ही इंदूरच्याच एका घरातली हकीकत. काकूंनी ‘लिही, पण नाव नको’ असं सांगितलंय, म्हणून ओळख पटेल असं सगळं वगळलं आहे. वय 68, निवृत्त शिक्षिका. ‘सानंद’ या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेचं नाटक त्यांनी वर्षानुवर्षं चुकवलेलं नव्हतं. सुनेला हे सगळ्यात आधी जाणवलं ते नाटकांमुळेच. काकूंनी पहिल्यांदा मधली खुर्ची सोडून कडेची मागायला सुरुवात केली. मग मध्यंतरातच घरी परतायला लागल्या. मग ‘हल्लीची नाटकं बघवत नाहीत’ म्हणून जाणंच बंद केलं. भजनी मंडळ सुटलं. उज्जैनला जायचं ठरलं की ऐनवेळी गुडघा दुखायचा. दुपारी चारनंतर पाण्याचा घोट नाही. पहाटे पाचला मोरीत नळ सुरू, आणि सात वाजता चादर दोरीवर. खोलीत दिवसभर उदबत्ती.

सुनेनं हे सगळं इतकं बारकाईनं सांगितलं की मला वाटलं, आता फक्त काकूंना समजवायचं राहिलं. त्या आल्या, बसल्या, चष्मा पुसला. मी म्हटलं, ‘काकू, यात लाजण्यासारखं काही नाही, हल्ली चांगली डायपर मिळतात.’

त्या दहा मिनिटांत उठल्या. पुढचे तीन आठवडे आल्या नाहीत. समुपदेशनाची इतकी वर्षं पाठीशी असून मी घाई केली.

परत आल्या त्या स्वतःहून, एकट्या. आणि बोलल्या ते सासूबाईंविषयी. लग्न होऊन त्या राजवाड्याजवळच्या जुन्या वाड्यात आल्या. सासूबाईंनी शेवटची चार वर्षं अंथरुणात काढली. जुन्या नऊवारी साड्या फाडून घड्या करायच्या, बदलायच्या, धुवायच्या, गच्चीवर वाळत घालायच्या. ‘शेजारच्या गच्चीवरून दिसायचं गं सगळं. आज किती घड्या, ते लोक मोजायचे.’ थोडं थांबून म्हणाल्या, ‘तू तो शब्द काढलास ना, मला वाटलं, माझीही दोरी बांधली हिनं.’

डायपर म्हणजे अंथरूण धरणं, त्यांच्या लेखी याला दुसरा अर्थच नव्हता. त्यामुळे त्या दोन वर्षं त्याच घड्या वापरत होत्या. पर्समध्ये काळी पिशवी, त्यात तीन घड्या. नाटकाच्या मध्यंतरात बायकांच्या रांगेत उभं राहून त्या बदलायच्या कशा, हा खरा प्रश्न होता.

उत्पादनांचं पुढे बघू, म्हटलं. आधी तीन दिवस वही ठेवा. किती वाजता काय प्यालं, किती वाजता गेलं, कधी गळलं आणि तेव्हा काय करत होतात. मास्तरीणबाईंनी वही अशी लिहून आणली की मलाच तपासावीशी वाटेना. रेघा मारलेल्या, लाल शाईनं गळती.

वहीत तीन गोष्टी दिसल्या. खोकला आला, शिंक आली, वाकून बादली उचलली की थोडं गळतं. बाहेरून येऊन कुलपात किल्ली घातली की एकदम लागते आणि संडासापर्यंत पोचेतो निम्मं होऊन जातं. यांतलं पहिलं म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडणं, दुसरं म्हणजे मूत्राशयाची घाई. अनेक बायकांना दोन्ही एकत्र असतं. तिसरी गोष्ट मात्र वहीच्या समासात होती: ‘रा. 9, बी.पी.ची गोळी.’ ती लघवी वाढवणारी गोळी होती. डॉक्टरांनी सकाळी घ्यायला सांगितली होती. दिवसा बाहेर पंचाईत नको म्हणून काकूंनी परस्पर रात्रीवर नेली. म्हणून पहाटेची चादर.

शिवाय पाणी तोडलेलं. पाणी कमी प्यालं की लघवी कमी होईल, हा हिशोब सगळेच करतात. पण दाट लघवी मूत्राशयाला डिवचते, वास वाढतो, संसर्गाला वाट मिळते आणि बद्धकोष्ठ होतो. भरलेलं आतडं मूत्राशयावर रेलतं आणि गळती आणखी. चहा मात्र दिवसाला पाच कप चालू होता, कारण ‘चहा काय, पाणी थोडंच आहे’.

मी समुपदेशक, डॉक्टर नव्हे. त्यांना आधी लघवी आणि साखर तपासायला पाठवलं. हे मी प्रत्येकाला करायला लावते, कारण मूत्रसंसर्ग, वाढलेली साखर, एखादं औषध, यांनीही गळती होते आणि ती बरी होऊ शकते. लघवीत रक्त, आग, ताप असेल तर थांबायचंच नाही. पाय लुळे पडून किंवा जांघेत बधिरपणा येऊन अचानक ताबा गेला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. पुरुषांमध्ये थेंबथेंब सतत गळतंय आणि ओटीपोट तटतटलंय, तर प्रोस्टेट ग्रंथीमुळे लघवी अडलेली असू शकते; त्यावर डायपर चढवणं म्हणजे दुखणं झाकणं.

काकूंचे रिपोर्ट ठीक आले. डॉक्टरांनी गोळी सकाळवर आणली, चहा दोन कपांवर आणला, पाणी संध्याकाळपर्यंत नीट प्यायला सांगितलं आणि स्नायूंचा व्यायाम दिला. अर्नॉल्ड केगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1948 मध्ये तो मांडला, म्हणून त्याला केगेल म्हणतात. ‘चारचौघांत वारा सरायला लागला की कसं आवरून धरतो, तसंच,’ एवढं सांगितलं की सगळ्यांना कळतं. पाच सेकंद आवळायचं, तितकाच वेळ सैल सोडायचं, आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट-मांड्या ताठवायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. आणि किमान तीन महिने, कारण पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारेच जास्त.

पण तीन महिने जायचे कसे? तेव्हा कुठे आम्ही वस्तूंकडे वळलो. मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर तीन गोष्टी मांडल्या: त्यांची साडीची घडी, त्या कधीमधी वापरत तो पाळीचा नॅपकिन आणि लघवीसाठीचा पॅड. चहाच्या कपात पाणी घेतलं. ‘ओता तुम्हीच.’ घडीतून पाणी सरळ वर्तमानपत्रात उतरलं. नॅपकिनवर ते क्षणभर साचलं आणि कडेनं ओघळलं. पाळीचं रक्त दाट, हळू येणारं. नॅपकिन त्यासाठीच बनवलेला. लघवी पातळ आणि एकदम येते. तिसऱ्यावर पूर्ण कप रिकामा झाला. काकूंनी वर तळहात दाबला, उलटून पाहिला. कोरडा. मग पॅड फाडून आत काय आहे ते बघितलं, शिक्षिका शेवटी. आतली बारीक पांढरी भुकटी पाणी पिऊन जेलीसारखी फुगली होती. ‘हे साबुदाण्यासारखं आहे गं,’ म्हणाल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

यात कुठली कंपनी बरी, हे लोक मला आधी विचारतात. मी उलट विचारते: माणूस दिवसभर काय करतो? चालता-फिरता आहे आणि थोडं गळतं, तर नेहमीच्या चड्डीत चिकटवायचा पॅड पुरतो. पुरुषांसाठी पुढच्या बाजूला भरीव असलेले वेगळे पॅड मिळतात. जास्त गळतं पण स्वतः संडासला जातो, त्याला चड्डीसारखं वर ओढायचं पँट-डायपर. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी असलेलं टेपवालं डायपर अंथरुणावरच्या माणसासाठी, कारण झोपलेल्याच्या अंगाखालून ते घालता येतं. काकूंच्या मुलानं नेमकं तेच आणून ठेवलं होतं, तेही एक्स्ट्रा लार्ज. टेपवालं बघूनच काकूंना सासूबाई आठवल्या होत्या.

आणि मोठं घेतलं की जास्त शोषतं, हा गैरसमज. मोठं म्हणजे मांडीपाशी फट, आणि गळती तिथूनच. शिंप्याची टेप घ्यायची, कंबर आणि नितंब दोन्ही मोजायचं, जे जास्त भरेल ते पाकिटावरच्या आकड्यांशी ताडायचं. काकूंना मीडियम बसलं. घरी आणि देवळात पॅड. नाटक, प्रवास, लग्न असेल तेव्हा पँट. रात्री पँट आणि चादरीखाली अंडरपॅड, म्हणजे गादी ओली होऊ नये म्हणून अंथरायचा पॅड. पँट काढताना खाली ओढायची नाही, दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडायच्या म्हणजे पाय बरबटत नाहीत. हे पाकिटावर चित्रात दाखवलेलं असतं, पण वाचतं कोण! ओलं झालं की बदलायचं, ‘अजून एक तास चालेल’ असा पैशांचा हिशोब कातडीवर करायचा नाही. साध्या पाण्यानं धुऊन टिपायचं, घासायचं नाही. व्हॅसलीन अगदी पातळ. थर दिला तर ते पॅडला चिकटून शोषणंच कमी होतं. पावडर नको.

विकत कुठून घ्यायचं हा पेच होताच. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याच्या बायकोला काकूंनी शिकवलेलं. सून दवा बाजारातून थोडे नग आणायला लागली. आधी दोन-तीन वापरून पाहायचे, मग मोठं पाकीट.

पण त्यांची झोप उडवणारी गोष्ट वेगळीच निघाली: कचऱ्याची गाडी. 2017 पासून देशात स्वच्छतेत पहिलं येणाऱ्या आमच्या शहरात ओला-सुका वेगळा द्यावा लागतो, सॅनिटरी कचऱ्याला गाडीवर वेगळा डबा असतो आणि गाडी येते तेव्हा सगळी गल्ली दारात. ‘सुनेचं वय गेलं, नात लहान. त्या डब्यात आमच्या घरातून रोज पुडकं का, हे कुणाला कळणार नाही?’ पुन्हा तीच गच्ची, तेच मोजणं. मी सांगितलं, वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, पिशवीत बांधा, वेगळ्या डब्यात द्या. हे त्यांना माहीतच होतं. त्यांना हवं होतं ते सुनेनं केलं. ती म्हणाली, ‘आई, मी ऑफिसला जाताना देत जाईन. विचारलं कुणी तर माझंच आहे म्हणेन.’ काकूंनी मला हे सांगितलं तेव्हा चष्मा पुन्हा पुसला.

तीन महिन्यांनी वहीत लाल शाई बरीच कमी झाली होती. शिंकेचं गळणं जवळपास थांबलं. किल्लीचं मात्र अजून आहे. तेव्हा त्या दारातच उभ्या राहतात, चार-पाचदा आवळतात, लाट ओसरली की मग चालतात. शेजारीण विचारते, ‘काकू, किल्ली सापडत नाही का?’

परवा सानंदच्या नाटकाला गेल्या होत्या, मधल्या खुर्चीवर. कसं झालं, विचारलं.

‘दुसरा अंक रटाळ,’ म्हणाल्या. ‘उठून यावंसं वाटत होतं. पण म्हटलं, आज उठले तर सूनबाईला वाटेल, त्यासाठीच उठले. बसले मग शेवटपर्यंत.’